ताश्कंद, सात दिवस : नियोजनाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

गट अकरा जणांचा, सगळे पुण्याचे. वयं ३४ ते ७३. चौघं पक्के शाकाहारी, एकजण इन्सुलिनवर. सात रात्री, एकच हॉटेल, एकच शहर: ताश्कंद.

उझबेकिस्तानच्या बहुतेक सहलींत ताश्कंदच्या वाट्याला एकच रात्र येते. विमानतळावर उतरायचं, झोपायचं आणि सकाळी समरकंदची गाडी पकडायची. त्या पद्धतीने गेलं की शहर रुंद रस्त्यांचं आणि सपाट वाटतं, पाहण्यासारखं काही नाही असा ग्रह होतो. हे शहर इमारतींच्या दर्शनी भागांतून कमी आणि जमिनीखालून, बाजारांतून, १९६६ च्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीतून जास्त कळतं, आणि त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून समरकंद एका दिवसात जाऊन-येऊन, बाकी सगळं ताश्कंद.

तारखा. उन्हाळा बाद. २५ जून ते ५ ऑगस्ट या चाळीस दिवसांना तिथे ‘चिल्ला’ म्हणतात आणि पारा चाळिशीला भिडतो. सत्तरीच्या माणसांना त्या उन्हात समरकंदच्या रेगिस्तान चौकात उभं करणं बरोबर नाही. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम: दिवसा विशीच्या आसपास, रात्री दहाच्या. यंदा दसरा २ ऑक्टोबरला, दिवाळी २० पासून. मधली फट पुरेशी आहे.

ठरलं: शनिवार ४ ऑक्टोबरला निघायचं, शनिवार ११ ऑक्टोबरला परत. १ ऑक्टोबरला तिथे शिक्षक दिनाची सरकारी सुट्टी असते आणि सुट्टीच्या आगेमागे गाड्या भरून जातात. आपण त्यानंतर पोहोचतो, हे बरं.

१९ जुलै

विमान. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना २४ एप्रिलपासून बंद आहे. मधे वळसा घालायचा तर अंतर इतकं वाढतं की या मार्गावरच्या छोट्या विमानांना ते झेपत नाही, म्हणून भारतीय कंपनीची थेट सेवा एप्रिलअखेरीस थांबली. बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढवली जाते आहे. ‘ऑक्टोबरपर्यंत उघडेल’ या आशेवर तिकीट काढायचं नाही. उझबेकिस्तान एअरवेजला ही अडचण नाही. दिल्लीहून थेट, सुमारे तीन तास. तेच घेतलं.

पुणे–दिल्ली तिकीट वेगळं निघतं, आणि दोन तिकिटं वेगळी असली की तीन गोष्टी आपल्या अंगावर येतात. दिल्लीला सामान स्वतः उतरवून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत विमान उशिरा आलं तर पुढच्या कंपनीचा काही संबंध नसतो. आणि सामानाचं वजन: आंतरराष्ट्रीय तिकिटावर एका बॅगेला २३ किलो, देशांतर्गत तिकिटावर १५. म्हणजे ताश्कंदहून २३ किलो घेऊन आलेला माणूस दिल्लीत अडतो. खरेदीची मर्यादा १५ किलोच धरायची, हे आत्ताच सगळ्यांना सांगितलं.

दोन विमानांत जाताना सहा तास, येताना पाच तास ठेवले. देशांतर्गत विमान टर्मिनल तीनलाच उतरणारं निवडलं. शंभर-दीडशे रुपये वाचवायला दुसरं टर्मिनल घेतलं की अकरा माणसं आणि बावीस बॅगा घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर यावं लागतं.

२ ऑगस्ट

दिवसांची मांडणी. पहिल्या मसुद्यात सोमवारी इतिहास संग्रहालय आणि चोरसू बाजार ठेवला होता. दोन्ही सोमवारी बंद. समरकंदचा सियोब बाजारही सोमवारी बंद. शुक्रवारी दुपारी हजरती इमाम परिसरात नमाजाची मोठी गर्दी, तेव्हा पाहुण्यांनी मधे घोटाळणं शोभत नाही. या तीन अटी धरल्यावर आठवडा आपोआप बसला:

शनिवार ४: पोहोचणं, सिम, पैसे, झोप.
रविवार ५: चोरसू, कुकलदाश मदरसा, हजरती इमाम.
सोमवार ६: मेट्रो, दिवसभर.
मंगळवार ७: इतिहास संग्रहालय, अमीर तैमूर चौक, हस्तकला संग्रहालय. संध्याकाळी नवोई नाट्यगृह.
बुधवार ८: समरकंद.
गुरुवार ९: सकाळी विश्रांती. दुपारपासून १९६६ : शास्त्रीजी आणि भूकंप यांची स्मारकं.
शुक्रवार १०: चिमगानचे डोंगर आणि चारवाक जलाशय.
शनिवार ११: उरलेली खरेदी, परत.

समरकंदनंतरची सकाळ मोकळी ठेवण्यावर दोघांचा आक्षेप होता. ती मोकळीच राहील. बुधवारी पहाटे साडेपाचला उठून रात्री उशिरा परतणारी माणसं गुरुवारी सकाळी कुठेही नीट बघू शकत नाहीत.

१० ऑगस्ट

हॉटेल. निकष एकच होता: ओयबेक मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटं. कारण साधं आहे. ओयबेक निळ्या मार्गावर, तिथून पुढचंच स्थानक ‘तोश्केंत’ म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशन. दुसऱ्या बाजूला तीन स्थानकांवर अलीशेर नवोई, पाचवर चोरसू. शिवाय ओयबेकला लागूनच हिरव्या मार्गाचं मिंग उरिक. पुण्यात राहायला डेक्कन मिळावं तसं हे ठिकाण.

जोडखोली नाश्त्यासह ५० डॉलरपर्यंत मिळाली. पाच जोडखोल्या आणि एक एकट्याची.

आरक्षण करताना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खोलीचा नाही, नोंदणीचा आहे. परदेशी पाहुण्याची नोंदणी तीन दिवसांत व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. खासगी फ्लॅट भाड्याने घेतला तर ती घरमालकाने ऑनलाइन करायची असते, आणि अनेक मालक ती टाळतात. दंड मात्र पाहुण्याच्याही माथी येतो. स्वस्त फ्लॅटचा पर्याय या एका कारणासाठी सोडला. हॉटेल सोडताना नोंदणीची चिठ्ठी मागून पासपोर्टात ठेवायची.

२४ ऑगस्ट

रेल्वे. अफ्रोसियोब ही वेगवान गाडी २०११ पासून ताश्कंद–समरकंद धावते, स्पेनच्या ताल्गो कंपनीचे डबे. ३४४ किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आत. विक्री साधारण दीड महिना आधी उघडते आणि सोयीच्या वेळा सहलींचे गट आधी उचलतात. म्हणून आज सकाळीच बसलो. आठच्या आधीची जाणारी आणि संध्याकाळची परतीची, दोन्ही मिळाल्या.

इथे होणाऱ्या चुका:

ताश्कंदला दोन मोठी स्टेशनं आहेत, उत्तर आणि दक्षिण. उझबेकमध्ये ‘शिमोली’ आणि ‘जनुबी’. आपल्याला अर्थ लावायला अडचण नाही, शिमाल-जनूब हे उर्दूतलेच शब्द. उत्तर स्टेशन मेट्रोला जोडलेलं, दक्षिण लांब. काही गाड्या दक्षिणेहून सुटतात. तिकिटावर ‘ताश्कंद’ एवढंच वाचून खाली बघणं सोडायचं नाही.

पासपोर्टचा क्रमांक तिकिटावर छापला जातो आणि स्टेशनच्या दारातच ताडून पाहतात. अकरापैकी एका तिकिटात एक अंक उलटसुलट पडला होता. भरतानाच पकडला. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासायचं, ही पद्धत पुढे व्हिसालाही.

अफ्रोसियोब न मिळाली तर ‘शर्क’ ही साधी गाडी. तिला तास-दीड तास जास्त लागतो, पण एका दिवसाच्या फेरीत तो तास-दीड तास म्हणजे गूर-ए-अमीर (तैमूरची कबर) किंवा वेधशाळा, दोघांपैकी एक गेलं.

समरकंद स्टेशनपासून रेगिस्तान सहा-सात किलोमीटर. बाहेर पडताच अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांना नकार देऊन ॲपवरून तीन गाड्या. क्रम: आधी लांबचं, म्हणजे तैमूरचा खगोलज्ञ नातू उलुगबेग याची वेधशाळा. मग शाह-ए-जिंदा हा कबरींचा परिसर, जेवण, रेगिस्तान, शेवटी तैमूरची कबर. वेधशाळेचा गोल आकार पाहून ‘एवढंच?’ म्हणू नये. जमिनीत कोरलेल्या दगडी कमानीचा खालचा तुकडा बघायचा आहे. पंधराव्या शतकातलं हे यंत्र १९०८ मध्ये खणून सापडलं. इथे तयार झालेल्या तारकासूचीचा वापर सवाई जयसिंगाने आपल्या सारणीसाठी केला. जयपूर-उज्जैनच्या जंतरमंतरशी धागा इथे जुळतो.

३१ ऑगस्ट

गणपतीमुळे बैठक नाही. फक्त एक काम: सर्वांच्या पासपोर्टच्या मुदती आणि कोरी पानं तपासून घेतली.

८ सप्टेंबर

ई-व्हिसा. भारतीयांना एका प्रवेशाला २० डॉलर, मुक्काम ३० दिवसांपर्यंत. दिल्यापासून ९० दिवसांच्या आत वापरायचा. त्यामुळे जुलैत घाई करून काढला असता तर मुदत काठावर आली असती. सप्टेंबरचा दुसरा आठवडा योग्य. कामाचे तीन दिवस सांगतात, आपण तीन आठवडे हातात ठेवले आहेत.

मराठी नावांचा एक खास गुंता आहे. आपल्या पासपोर्टात आडनाव एका ओळीत आणि ‘स्वतःचं नाव + वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव’ दुसऱ्या ओळीत एकत्र छापलेलं असतं. अर्जात नावाच्या दुसऱ्या रकान्यात ते दोन्ही शब्द तसेच, त्याच क्रमाने भरायचे. मधलं नाव गाळायचं नाही, आडनावापुढे ढकलायचं नाही. तिथे रशियन पद्धतीने पितृनाम वेगळं विचारलं जाण्याची सवय आपल्याला फसवते. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत बाणांच्या खुणांमध्ये जे अक्षर-अक्षर छापलंय तेच अंतिम.

लग्नानंतर नाव बदललेल्या, पण पासपोर्ट जुन्याच नावाचा असलेल्या एक जण आहेत. त्यांचं विमान, रेल्वे, हॉटेल आणि व्हिसा, सगळं जुन्याच नावाने.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. मोबाइलवर काढलेल्या फोटोत भिंतीवर सावली पडली म्हणून एक अर्ज परत आला. फी परत मिळत नाही, पुन्हा २० डॉलर गेले. उरलेले दहा फोटो त्याच संध्याकाळी स्टुडिओत काढून घेतले.

पैसे भरताना दोघांचं कार्ड चाललं नाही. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ बंद होते, एवढंच कारण.

११ सप्टेंबर

दहा व्हिसा आले. प्रत्येकावर नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख पुन्हा ताडली. दोन प्रती कागदावर, एक फोनमध्ये.

१४ सप्टेंबर

जेवण. ही नोंद मुद्दाम लांब आहे, कारण शाकाहारी चौघांची सहल इथे सुधारते किंवा बिघडते.

‘ओश’ म्हणजे प्लोव हा तिथला मानाचा पदार्थ. तांदूळ, पिवळं आणि लाल गाजर, हरभरा, बेदाणे, आणि मांस, सगळं एकाच ‘कझान’मध्ये म्हणजे मोठ्या कढईत. भाताचा कण न् कण मांसाच्या रसात आणि बहुधा चरबीत शिजलेला असतो. तुकडे बाजूला काढून दिलेला भात शाकाहारी होत नाही. टीव्ही टॉवरजवळच्या प्रसिद्ध प्लोव केंद्रात उरलेले सात जण जातील, बारा-साडेबाराला. प्लोव हे दुपारचं जेवण आहे, दोननंतर कढया खरवडलेल्या असतात.

शाकाहाऱ्यांना भरवशाचं काय: तंदूरमधला ताजा ‘नोन’, मधोमध ठशांची नक्षी उठवलेला. तो ताटात पालथा ठेवत नाहीत. आपल्याकडे अन्नाला पाय लावत नाहीत तसंच. ‘अचिचुक’ म्हणजे टोमॅटो आणि कांद्याच्या पातळ चकत्या. ‘सुझमा’ हा सरळ आपला चक्का. ‘कातिक’ म्हणजे घट्ट दही, ‘कायमाक’ म्हणजे साय. अंडं ‘तुखुम’. डाळिंब, द्राक्षं, खरबूज ऑक्टोबरात भरपूर.

शब्दांचे सापळे. फारसीतून आलेले शेकडो शब्द मराठीत आणि उझबेकमध्ये सारखे आहेत, आणि त्यातूनच घोटाळा होतो. ‘सब्जी’ म्हणजे तिथे गाजर. भाजी हवी म्हणून सब्जी मागितली की गाजर येतं, भाज्यांना ‘सबझावोत’. ‘किम्मत’ म्हणजे महाग. ‘किती किंमत?’ असं विचारलं तर दुकानदाराला ‘महाग आहे’ अशी तक्रार ऐकू येते. भाव विचारायला ‘नेच पुल?’ ‘मेवा’ म्हणजे ताजी फळंही. ‘मोश’ मात्र मूगच, आणि ‘मोशकिचिरी’ ही मूग-तांदळाची खिचडीच. पण तीही सहसा मांस घालून करतात.

पाठ करायचं एकच वाक्य: ‘मेन गोश्त येमायमान’, मी मांस खात नाही. आणि ‘गोश्तसिझ’, मांसाविना. तरुण नोकरवर्गाला रशियन चालतं: ‘ब्येझ म्यासा’.

पाणी बाटलीचं. ‘गाझसिझ’ लिहिलेली घ्यायची, नाहीतर सोड्याचं निघतं.

१७ सप्टेंबर

वरच्या नोंदीत दुरुस्ती. शाकाहारी यादीत ‘भोपळ्याची सोम्सा’ (समोशासारखी) टाकली होती, ती काढली. तंदूरमध्ये भाजताना ती कोरडी पडू नये म्हणून भोपळ्यात ‘दुंबा’ घालतात. दुंबा म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी, बारीक तुकडे करून. भोपळ्यासोबत ती वितळून जाते आणि दिसत नाही. विक्रेता ‘गोश्त नाही’ म्हणतो ते खरंच असतं. चरबीला तो मांस धरत नाही. म्हणून प्रश्न दोन विचारायचे: गोश्त आहे का, आणि दुंबा आहे का. दोन्हीला ‘योक’, म्हणजे नाही, आलं तरच.

हॉटेलला विनंती केली आहे की हे दोन्ही मुद्दे उझबेक आणि रशियनमध्ये छापलेली चार कार्डं काउंटरवर तयार ठेवावीत.

सोबत: दीड लिटरची किटली, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडा उपमा आणि पोह्याची मिश्रणं, भडंग. माणशी दोन किलोच्या वर नाही. सोमवार ६ ऑक्टोबर ही कोजागरी. दूध तिथे घ्यायचं (‘सुत’), वेलची-जायफळाची पुडी आणि केशर इथून.

२० सप्टेंबर

पैसे. एका डॉलरला साधारण १२,५०० सोम. म्हणजे हजार सोम सात रुपयांचे. मोजायची पद्धत: शेवटची तीन शून्यं झाका, उरलेल्याला साताने गुणा. ४५,००० सोमचं जेवण ३१५ रुपये. हे सगळ्यांकडून पंधरा-वीस वेळा घोकून घेतलं, कारण लाखांच्या नोटा हातात आल्या की अंदाज सुटतो.

रुपये न्यायचे नाहीत, तिथे बदलून मिळत नाहीत. डॉलर कोरे, घडी न पडलेले, शिक्का किंवा पेनाची खूण नसलेले. फाटका कोपरा असला तरी बँक नोट परत करते. २०१७ मध्ये चलनाचे निर्बंध उठल्यापासून बँकेचा आणि रस्त्याचा भाव एकच आहे, त्यामुळे रस्त्यावर बदलण्यात फायदा शून्य. जुन्या प्रवासवर्णनांतला ‘काळ्या बाजारात दुप्पट’ हा सल्ला विसरायचा.

पहिल्या दिवशी माणशी ५० डॉलर बदलायचे, जास्त नाही. उरलेला खर्च फॉरेक्स कार्डवर. बाजारात आणि छोट्या चहाखान्यांत मात्र रोखच.

टॅक्सीचं यांडेक्स ॲप पुण्यातच उतरवून नोंदवायचं, कारण पडताळणीचा क्रमांक भारतीय नंबरवर येतो. पैसे देण्याचा प्रकार ‘रोख’ निवडायचा. विमानतळाला मेट्रो नाही. दाराशी उभे असलेले चालक सांगतील तो भाव ॲपच्या कितीतरी पट असतो.

प्लग: आपली दोन पिनांची गोल चार्जरं बसतात, तीन पिनांची बसत नाहीत. किटली तीन पिनांची आहे, तिला अडॅप्टर. घड्याळ अर्धा तास मागे.

२४ सप्टेंबर

सोमवारचा मेट्रोचा दिवस कागदावर पक्का केला. मध्य आशियातली ही पहिली मेट्रो, ६ नोव्हेंबर १९७७ ला सुरू झाली. बांधताना ती अणुहल्ल्यात आसरा म्हणूनही आखलेली, म्हणून फोटो काढायला २०१८ पर्यंत बंदी होती. आता कुणी अडवत नाही. मात्र आत शिरताना पोलीस बॅग तपासतात आणि कधी पासपोर्ट मागतात. प्रत जवळ ठेवायची.

मार्ग असा लागला की एकाच तिकिटात, बाहेर न पडता, पूर्ण फेरी होते:

ओयबेकहून निळ्या मार्गाने कोस्मोनावत्लार. तिथून उझबेकिस्तान, मग अलीशेर नवोई. जिना-बोगद्याने लाल मार्गाच्या पाख्ताकोरला. पुढे मुस्ताकिल्लिक मैदोनी, अमीर तेमूर खियोबोनी. पुन्हा बोगद्याने हिरव्या मार्गाच्या युनुस रजाबीला. एक स्थानक, मिंग उरिक. बोगद्याने परत ओयबेक.

नेहमीची चूक: अदलाबदलीच्या जागी दोन मार्गांच्या स्थानकांना दोन वेगळी नावं आहेत. पाख्ताकोर शोधणारा माणूस अलीशेर नवोईला उतरायला तयार होत नाही आणि पुढे जातो. म्हणून नावांच्या जोड्या कार्डावर लिहिल्या: नवोई–पाख्ताकोर, अमीर तेमूर–युनुस रजाबी, ओयबेक–मिंग उरिक.

प्रत्येक स्थानकावर दोन गाड्या सोडायच्या, म्हणजे दहा-बारा मिनिटं मिळतात. कोस्मोनावत्लारला चार सोडायच्या. भिंतीवरच्या चिनी मातीच्या फरश्या वर काळसर होत जाणाऱ्या निळ्या रंगात आहेत, जमीन सोडून अंतराळात चढत गेल्यासारखा तो उतार. त्यात गोल पदकांसारखी चित्रं: गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्यासोबत उलुगबेग. माणसं वजन नसल्यासारखी तरंगताना दाखवलीत, अंगावरचे कपडेही. बुधवारी समरकंदच्या वेधशाळेत ज्याचं यंत्र बघायचं तोच माणूस सोमवारी इथे अंतराळवीरांच्या रांगेत भेटतो. म्हणून मेट्रो आधी, समरकंद नंतर. हा क्रम बदलायचा नाही.

नवोई स्थानकात वर घुमटांची रांग आणि भिंतीवर अलीशेर नवोई या कवीच्या काव्यांतले प्रसंग. पाख्ताकोरला कापसाच्या बोंडांचं मोझाइक. नावाचाच अर्थ कापूसवाला. मुस्ताकिल्लिकला झुंबरं.

वेळ सकाळी दहा ते साडेबारा. आठ-नऊची आणि संध्याकाळी सहाची गर्दी टाळायची. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोघांना अलीशेर नवोईहून वर काढून टॅक्सीने परत, बाकीचे फेरी पुरी करतील.

२७ सप्टेंबर

औषधं. या कामात कंटाळा करून चालत नाही. कोडीन, ट्रामाडोल, फेनोबार्बिटल, डायझेपामसारख्या गोष्टींवर तिथे कडक निर्बंध आहेत आणि प्रवासी खरोखर अटकेत गेलेले आहेत. आपल्याकडच्या काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं. दुखण्याच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडोल असतं. पुढचं मोठं नाव वाचून काही कळत नाही, मागची बारीक अक्षरं वाचायची.

अकरा जणांच्या औषधांच्या पिशव्या टेबलावर ओतून एकेक पाकीट वाचलं. दोन निघाली: एक खोकल्याची बाटली, एक पाठदुखीच्या गोळ्यांची पट्टी. दोन्ही घरी. डॉक्टरांनी पर्याय लिहून दिला. झोपेची गोळी घेणाऱ्या एकांची ती गोळीही डॉक्टरांशी बोलून बदलली.

उरलेलं सगळं मूळ पाकिटात, डब्यात सुटं नाही. इंग्रजी चिठ्ठी टंकलेली. इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत, दोन भागांत, दोन वेगळ्या माणसांकडे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

ड्रोन आणायचं का, असं विचारलं होतं. नाही. विनापरवाना ड्रोन विमानतळावरच जप्त होतं.

खरेदीबद्दल: पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू दाखल्याशिवाय देशाबाहेर काढता येत नाहीत. भरतकामाची ‘सुझानी’ विकताना दुकानदार कौतुकाने ‘आजीच्या काळातली’ म्हणतो. ती तशी खरंच असली तर विमानतळावर अडचण. नवी घ्यायची आणि पावती घ्यायची. चोरसूच्या निळ्या घुमटाखाली तळाला मांसाचे ओटे आहेत. शाकाहाऱ्यांनी कडेच्या जिन्याने थेट वरच्या गोल सज्जात जावं, सुकामेवा तिथेच. राखेत भाजलेली जर्दाळूची बी, सालीसकट बदाम, बेदाणे. माणशी चार किलोपर्यंत. रिश्तानच्या निळ्या थाळ्या हातातल्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

१ ऑक्टोबर

गुरुवारची दुपार आज पक्की केली. महाराष्ट्रातल्या माणसाला ताश्कंद म्हटलं की १९६६ आठवतं. १० जानेवारीला शास्त्रीजी आणि अयुबखान यांनी करारावर सह्या केल्या, ११ तारखेच्या पहाटे शास्त्रीजी गेले. शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. शहरात शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथून सुरुवात.

त्यानंतर लगेच भूकंपाचं स्मारक. २६ एप्रिल १९६६, पहाटे ५ वाजून २३ मिनिटं. धक्क्याचं केंद्र शहराच्या थेट पोटाखाली आणि उथळ, म्हणून मातीच्या घरांचं जुनं शहर कोसळलं आणि सुमारे तीन लाख माणसं उघड्यावर आली. काळ्या दगडाचा एक घन ठोकळा आहे, एका बाजूवर तारीख, दुसऱ्या बाजूवर धक्क्याच्या वेळेला थांबलेलं घड्याळ. ठोकळा मधोमध चिरलेला आणि ती भेग जमिनीवरून निघून एक पुरुष, एक स्त्री आणि मूल यांच्या पुतळ्याच्या पायाशी जाते. भेगेच्या कडेने चालत जायचं, ठोकळ्यापासून पुतळ्याकडे. उलट दिशेने गेलं तर अर्थ लागत नाही.

दोन्ही ठिकाणं एकाच दुपारी ठेवण्याचं कारण तारखांमध्ये आहे. करार आणि भूकंप यांच्यात साडेतीन महिने. आपल्या शिष्टमंडळाने जानेवारीत पाहिलेलं शहर एप्रिलअखेर बरंचसं उरलं नव्हतं. आज दिसणारे रुंद रस्ते, मोठे चौक, नक्षीदार काँक्रीटचे सदनिकांचे ठोकळे हे नंतरचे. सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकामाची माणसं आली होती. नवोई नाट्यगृह मात्र आधीचं: १९४७ चं, जपानी युद्धकैद्यांच्या हातून पुरं झालेलं, भूकंपात उभं राहिलेलं. मंगळवारी संध्याकाळी त्याच्या आत बसायचं आहे. तिकिटं आदल्या दिवशी खिडकीवर.

स्मारकापाशी फुलं न्यावीत असं एकाने सुचवलं. मान्य. चोरसूजवळून निघताना घ्यायची.

३ ऑक्टोबर

शेवटची तपासणी.

शुक्रवारच्या चिमगानसाठी बारा आसनांची गाडी ठरली, चालकासह, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. चिमगानजवळच्या अमिरसोयची दोरीची गाडी जोराच्या वाऱ्यात थांबवतात, म्हणून निघण्याआधी हॉटेलातून फोन करायचा. बंद असली तर थेट चारवाक जलाशय. वर गार असतं. कानटोपी आणि जाड जॅकेट, पुण्यातला स्वेटर पुरणार नाही.

मशिदी-मदरशांसाठी बायकांनी रुमाल, सगळ्यांनी सहज निघणारी चप्पल किंवा बूट. मोज्यांना भोकं नसावीत.

प्रत्येकाच्या पाकिटात: पासपोर्ट, व्हिसाच्या दोन प्रती, विमा, परतीचं तिकीट, अफ्रोसियोबची दोन तिकिटं, हॉटेलचा पत्ता लॅटिन आणि सिरिलिक लिपीत, शाकाहारी चौघांकडे वाक्याची चिठ्ठी. नकाशे ऑफलाइन उतरवले.

बॅगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, पेठेतल्या वाण्याच्या मोठ्या काट्यावर तोलल्या. सगळ्यात जड १३ किलो ४००. किटली दोन खोल्यांमागे एक पुरते असं ठरल्यावर एक काढून ठेवली.

उद्या पहाटे साडेतीनला पहिली गाडी कोथरूडहून, दुसरी औंधहून. विमानतळावर साडेचारला, दोन नंबरच्या दारापाशी. इन्सुलिनची पिशवी फ्रिजमधून काढायची आठवण ज्यांच्याकडे दिली आहे, त्यांनी ती काढल्यावर गटावर ‘काढली’ असं लिहायचं.